चार पट्ट्यांचा पुष्कर

चि. पुष्कर,

अनेक आशीर्वाद. ते नेहमीचे आहेत, पुढच्या मजकुराशी त्यांचा संबंध लावू नकोस.

काल बदलापूरहून रिक्षानं येताना चिखलोलीत तुझ्या सोसायटीच्या गेटवर तुझं तोंड पाहिलं. दहा बाय आठ फूट. 'आमच्या सोसायटीचे भूषण कॅप्टन पुष्कर गुप्ते यांची वैमानिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तोंड तुझं होतं. खालचं गणवेशातलं धड कुणाचं होतं कोण जाणे. तुझे खांदे इतके सरळ मी तुझ्या मुंजीतही पाहिले नव्हते. रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, ओळखीचे काय?" मी नाही म्हटलं.

घरी येऊन सुनेत्राला फोन केला. निवडबिवड काही झालेली नाही हे तिच्याकडून कळलं. तू एका डॉक्टरकडे जाऊन डोळे, कान, रक्त तपासून आलास आणि तुला फिट असल्याचा कागद मिळाला. तसा कागद आमच्या दूधवाल्यालाही मिळेल. त्या कागदावर तुमच्या लोकांनी फ्लेक्स लावला, आणि फ्लेक्स लागलाच आहे म्हणून तू एकोणीस वर्षांच्या नोकरीला तीन महिन्यांची नोटीस दिलीस. विमानाच्या लायसन्ससाठी बारावीचं फिजिक्स आणि गणित पास लागतं. तू बी.कॉम. हे तुला नोटीस देण्याआधी कळलं की नंतर, असं विचारल्यावर सुनेत्रानं पावसाचा विषय काढला. म्हणजे उत्तर मिळालं.

गणित तुझी लेक ओवी घेईल. ती स्वतः बारावीला आहे, तिचं ताजं आहे. फिजिक्स मी घेईन. पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलंय. तुझ्याहून ढ मुलं मी पास केली आहेत. फार नाहीत, पण केली आहेत. सोमवारी सकाळी सातला ये. वही आण. शर्ट साधा घाल.

कुमुदआत्या

ता. क. माझ्या मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं पातं अडकलंय. सोमवारी ते घेऊन जा आणि उल्हासनगरला टेकचंदकडे टाक. इथले दुकानदार पातं बदलत नाहीत, नवं भांडं गळ्यात मारतात.

*

पत्र लिहून झाल्यावर कुमुदिनी कर्णिकांनी ते नवऱ्यापुढे टाकलं. श्यामकांत कर्णिक काड्यापेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सौम्य गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पत्र वाचलं.

"कुमुद, जरा कडक झालंय."

"मग तुम्ही गोड लिहा. आणि फिजिक्सही तुम्हीच शिकवा."

"फोन केला असता तरी चाललं असतं."

"फोनवर तो अंगठा पाठवून मोकळा होतो. कागद हातात घेऊन वाचू दे."

तेव्हा श्यामकांतच शेअर रिक्षात बसून अंबरनाथहून चिखलोलीला गेले आणि पत्र देऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "फ्लेक्सला हार पण घातलाय गं." कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला.

भाऊ गेल्यापासून त्याचा हा मुलगा त्यांना जास्तच जवळचा, आणि म्हणूनच जास्त डोक्यात जाणारा. दर चार वर्षांनी पुष्करला आपल्यात एक नवा माणूस सापडत असे. एकदा फोटोग्राफर सापडला, तेव्हा बारवी धरणावर पहाटे जाऊन त्यानं बगळ्यांचे नऊशे फोटो काढले, नऊशेही हललेले. मग सायकलपटू सापडला. ती सायकल आता बाल्कनीत टॉवेल वाळवायला होती. एरवी तो रंगांच्या कारखान्यात परचेस ऑफिसर होता, पिंपं आणि व्हॉल्व विकत घ्यायचा आणि ते काम चांगलं करायचा. पण चांगलं केलेल्या कामाचा कुणी फ्लेक्स लावत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी गोव्याच्या विमानात त्याला उघड्या दारातून पायलटची पाठ दिसली आणि त्याच्यातला पुढचा माणूस जागा झाला.

सोमवारी तो सातऐवजी सात वाजून दहा मिनिटांनी आला. पांढराशुभ्र शर्ट, काळा टाय, खांद्यांवर सोनेरी पट्टे, खिशावर पंखांचा बिल्ला. हातात पाचवीतल्या मुलासारखी दोनशे पानी वही.

"शर्ट साधा घाल म्हटलं होतं."

"आत्या, गेटवरून निघताना लोक असतात गं. वॉचमन सलाम करतो. जयदेव तर रोज उभाच असतो." जयदेव म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, फ्लेक्सचा कर्ता. "ट्रेनिंगला चाललोय असं सांगितलंय."

"बारावीला चाललोय असं का नाही सांगितलंस?"

पुष्कर हसला. आत्यानं विनोद केला असं त्याला वाटलं.

"आणि पट्टे चार कसे?" कुमुदिनीबाईंनी ओवीला विचारून सगळी माहिती काढली होती. "चार पट्टे कॅप्टनचे. नवशिक्याला एकसुद्धा नसतो."

"मी तीनच मागितले होते. उल्हासनगरला युनिफॉर्मवाला आहे ना, सिक्युरिटी, बँडवाले, हॉटेलवाले, सगळ्यांचे ड्रेस शिवतो तो. तो म्हणाला, साहब, तीन लो या चार लो, रेट सेम है. मग म्हटलं..."

"मग म्हटलंस, फुकटात बढती कोण सोडतो."

त्या दिवसापासून एक क्रम ठरून गेला. पुष्कर चिखलोलीहून कॅप्टन म्हणून निघायचा, अंबरनाथला कर्णिकांच्या दुसऱ्या मजल्यावर विद्यार्थी व्हायचा, साडेआठला त्यांच्या बाथरूममध्ये शर्ट बदलून परचेस ऑफिसर होऊन कारखान्यात जायचा. संध्याकाळी उलट. बाथरूमच्या खुंटीवर दिवसभर तो चार पट्ट्यांचा शर्ट लोंबत असे. श्यामकांत आंघोळीला जाताना दारावर टकटक करून विचारत, "लँडिंगला परवानगी आहे का?"

पहिल्या आठवड्यात पुष्करची बायको सुनेत्रा एकटीच आली. ती बदलापूरच्या एका सहकारी बँकेत होती, बोलायची कमी आणि मोजून. चहा अर्धा टाकून म्हणाली, "आत्या, तुम्ही त्यांना नापास करा ना. नोटीस मागे घ्यायला अजून वेळ आहे. साहेब घेतील परत."

"नापास करायला माझी गरज नाही गं. त्या बाबतीत तो स्वयंपूर्ण आहे."

आणि सुरुवातीला तो होताही. फिजिक्सची परीक्षा मुक्त विद्यालयाची, दोन भागांत: सप्टेंबरात प्रॅक्टिकल, ऑक्टोबरात लेखी. दोन्हींत स्वतंत्र पास व्हायला हवं. डिसेंबरअखेर पासाचा कागद दाखवला तर विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलची जानेवारीच्या बॅचमधली जागा पक्की, नाहीतर ती दुसऱ्याला. इतकं सरळ होतं. कुमुदिनीबाईंनी पहिलाच प्रयोग काढला तो लंबकाचा. खिडकीच्या ग्रिलला दोरा बांधला, दोऱ्याला कारखान्यातला एक लोखंडी नट. झोका दे, वीस हेलकावे मोज, वेळ घे, त्यावरून पृथ्वी किती जोरानं ओढते ते काढ.

पुष्करनं काढलं. दहा पूर्णांक शहाऐंशी.

"नऊ पूर्णांक आठ यायला हवं. चिखलोलीत पृथ्वी जास्त ओढते का?"

त्यानं परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुष्कर नट सोडता सोडताच 'एक' म्हणत होता.

"अरे गाढवा, सोडलास तेव्हा शून्य. जाऊन परत आला की एक. तू निघतानाच एक मोजतोस, मग वीस म्हणतोस तेव्हा एकोणीसच झालेले असतात."

"एकानं काय एवढं..."

"एवढं होतं. समोर आलंय बघ."

आश्चर्य असं की पोरगा बदलला. जुलैच्या मध्यापर्यंत लंबक नऊ पूर्णांक सातवर आला. भिंगाचं केंद्रांतर काढताना तो श्यामकांतांच्या पेपर वाचायच्या भिंगाला इतका जपायला लागला, की त्यांना सकाळी आठपर्यंत बातम्याच मिळेनात. आणि एका सकाळी, हवेच्या दाबाचा धडा चालू असताना, पुष्करनं मान वर केली.

"आत्या, विमानातलं उंचीचं मीटर हवेचा दाबच मोजतं ना? मग पावसाळ्यात दाब उतरला, तर विमान जमिनीवर उभं असतानाही ते मीटर उंची दाखवेल?"

कुमुदिनीबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. होय, दाखवेल. म्हणूनच पायलट त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब विचारून मीटर लावून घेतो. हे पुस्तकात नव्हतं. कुणी न सांगता इथवर चालत आलेली मुलं त्यांना पस्तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी भेटली होती. त्या आत गेल्या आणि त्याच्यासाठी दुसरा कप चहा टाकला. श्यामकांत पेपराआडून म्हणाले, "अरे वा. दुसरा कप मला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिळाला होता."

त्या दिवसापासून बाईंची पंचाईत झाली. इतके दिवस त्या नुसत्या खेकसत होत्या, ते सोपं होतं. आता त्यांना तो पास व्हायला हवा होता.

मधल्या काळात मिक्सरचं भांडं टेकचंदकडे पडलं होतं. पुष्करनं नेऊन टाकलं एवढं खरं. पावती आणली ती बाईंनी फ्रिजवर लावली. पंधरा दिवसांत तयार होतं म्हणून टेकचंदचा फोनही आला. पुष्कर म्हणाला, "आणतो गं. प्रॅक्टिकलचं सेंटर त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. त्या दिवशी येताना घेऊनच येतो." बाईंना ते पटलं. एका फेरीत दोन कामं.

ऑगस्टअखेर कारखान्यानं त्याला शाल आणि काचेचं छोटं विमान देऊन निरोप दिला. सप्टेंबरात गणपती आले. सोसायटीच्या गणपतीचा देखावा होता पुठ्ठ्याचं विमान. गणपती कॉकपिटमध्ये, उंदीर को-पायलट. आणि सत्यनारायणाच्या पूजेला यजमान म्हणून सपत्नीक कॅप्टन पुष्कर गुप्ते. पूजा शनिवारी सकाळी आठला. प्रॅक्टिकल शनिवारी सकाळी अकराला.

"बसू नकोस," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"आत्या, आठला सुरू, साडेनऊला संपली. रिक्षात बसलो की अर्ध्या तासात सेंटर. उलट देवाचं करून जाईन."

"देव अकराला नाही घेत परीक्षा. बाहेरचा परीक्षक घेतो."

"जयदेवनं पत्रिकेत नाव छापलंय गं."

शनिवारी संध्याकाळी तो आला. घरून निघतानाच साध्या शर्टात, असं प्रथमच. बाईंनी दार उघडताच विचारलं, "कुठला प्रयोग आला?"

"भिंगाचा. मस्त गेला."

"वाचनं किती घेतलीस?"

"पाच."

"परीक्षकानं तोंडी काय विचारलं?"

"हेच आपलं... भिंगाचंच." तो श्यामकांतांशेजारी जाऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला.

"आणि माझं भांडं?"

"ते राहिलं गं. टेकचंदचं दुकान बंद होतं."

कुमुदिनीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. गणपतीचे दिवस. तो गेल्यावर त्यांनी दुकान कधी उघडणार ते विचारायला फोन लावला, इतकंच.

"टेकचंद, आज बंद रखा था क्या?"

"नहीं माताजी! सुबह नौ बजे से बैठा हूँ. सीज़न है, बंद कैसे रखूँगा? आपका भांडा रेडी है, ढाई महीने से रेडी है. सामने परीक्षा थी, इतने बच्चे आए, आपका आदमी नहीं आया."

बाईंनी फोन ठेवला. श्यामकांतांनी आपला मोबाइल पुढे केला. सुनेत्राच्या स्टेटसवर फोटो होता. चौरंग, केळीचे खांब, मागे पुठ्ठ्याचं विमान, आणि समोर मांडी घालून सोवळ्यात पुष्कर, खांद्यावर उपरणं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं. सुनेत्रा यजमानीण म्हणून शेजारी होती. तिची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, घड्याळाकडे होती.

रविवारी सकाळी सातला बाईंनी त्याला बोलावून घेतलं. या वेळी तो वेळेवर आला.

"गुरुजी पावणेदहाला आले," पुष्कर उभ्याउभ्याच सांगू लागला. "त्यांची आधी बदलापूरला एक पूजा होती. मला वाटलं, उरकतील पटापट. पण कथा सुरू झाली. सुनेत्रानं दोनदा कोपर मारलं. मी उठणारच होतो. तेवढ्यात जयदेव माइकवर म्हणाला, कॅप्टनसाहेबांना ड्यूटीवर जायचंय, तरी बघा कसे शांत बसलेत, याला म्हणतात संस्कार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग उठता येईना गं."

"लोक किती होते?"

"साठ-सत्तर असतील."

"त्यातले किती तुझ्या विमानात बसणार होते?"

पुष्कर ग्रिलला लोंबणाऱ्या नटाकडे बघायला लागला.

"आणि काल मला पाच वाचनं सांगितलीस ती कुठली? तिसऱ्या अध्यायाची?"

श्यामकांत पुटपुटले, "कुमुद, जाऊ दे आता."

"का जाऊ दे? तीन महिने हा माणूस माझ्या खिडकीला नट टांगून बसलाय. याला येत होतं! येत नसतं तर मी शब्द बोलले नसते." त्यांचा आवाज चिरकला, आणि तो चिरकल्याचाच त्यांना जास्त राग आला. "हे बघ. प्रॅक्टिकल मार्चमध्ये परत आहे. जानेवारीची जागा गेली. पुढची बॅच जुलैला असते. लेखी परीक्षा ऑक्टोबरात देऊन टाक. मार्चमध्ये हे दे."

पुष्करनं मान वर केली. डोळ्यांत खरीच काळजी होती.

"पण आत्या, मार्चपर्यंत सोसायटीत काय सांगू?"

विमान गेलं, नोकरी गेली, वर्ष गेलं, आणि या माणसाला घोर गेटचा.

"खरं सांग. बारावीचा पेपर आहे म्हण."

"या वयात?"

"चार पट्टे लावताना वय आठवलं नाही, ते आता आठवलं? दोन कामं करायची. जाऊन आधी तो फ्लेक्स स्वतःच्या हातानं उतरव. आणि उल्हासनगरला जाऊन माझं भांडं आण. ही दोन झाली की वही घेऊन ये. त्याआधी येऊ नकोस."

फ्लेक्स उतरला, पण पुष्करच्या हातानं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पालिकेच्या माणसांनी रस्त्यावरचे सगळे पुढारी गुंडाळले, त्यांच्याबरोबर कॅप्टनलाही गुंडाळून नेलं. जयदेवनं नव्यासाठी विचारलं, तेव्हा म्हणे पुष्करनं कंपनीचे नियम असतात असं काहीतरी सांगितलं.

लेखी परीक्षा मात्र त्यानं दिली, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. ओवीनं त्याला पकडून सेंटरवर सोडलं आणि गेटशी उभी राहिली, आई-बाप मुलांसाठी राहतात तशी. निकाल तिनंच आजीला फोनवर वाचून दाखवला. गणित पास. फिजिक्स, लेखी ऐंशीपैकी सत्तावन्न. प्रॅक्टिकलच्या रकान्यात गैरहजर. एकूण, नापास.

"सत्तावन्न चांगले आहेत ना गं आजी?"

"चांगले आहेत," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "म्हणूनच संताप येतो."

डिसेंबरात पुष्कर बदलापूरच्या एका कंपनीत लागला. परचेसलाच. सोसायटीत त्यानं काय सांगितलं हे बाईंनी विचारलं नाही. सुनेत्रा एकदा म्हणाली की पांढरा शर्ट तो अजून घालतो, पट्टे काढून. खिशावरचा बिल्ला काढल्यावर दोन भोकं राहिलीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी ग्रिलचा दोरा बदलला. जुना पावसानं कुजला होता. नट पुसून परत टांगला. भिंग श्यामकांतांकडून मागून टेबलावर ठेवलं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी पुष्करचा मेसेज आला: 'आत्या, इथे ऑडिट चालू आहे, रजा मिळत नाही. नेक्स्ट टाइम नक्की.' खाली हात जोडलेले, एक अंगठा आणि एक विमान.

"भिंग घेऊ का परत?" श्यामकांतांनी विचारलं. बाईंनी ते त्यांच्या पेपरावर आपटलं.

एप्रिलात टेकचंदचा फोन आला.

"माताजी, वो भांडा. इतने महीने हो गए. दुकान में जगा नहीं है. आप आ जाओ ना, नहीं तो लड़के के हाथ भिजवा दूँ अंबरनाथ?"

"नको. मतलब, मत भेजना. जो छोड के गया था वही लेने आएगा."

"वो? वो तो पायलट साहब थे ना. चार पट्टीवाले. उनको कहाँ टाइम मिलेगा. फ्लाइट पे होंगे."

कुमुदिनीबाईंनी खिडकीकडे पाहिलं. वाऱ्यानं नट जरासा हलत होता, एकदाही धड परत न येता.

"फ्लाइट पे नहीं हैं. बदलापुर में हैं."

"अरे, तो नज़दीक ही है! आ जाएँगे."

"हाँ," बाई म्हणाल्या, "रखो तुम."

त्यांनी फोन ठेवला, फ्रिजवरची पावती सुटायला आली होती ती चुंबकाखाली नीट दाबली, आणि छोट्या भांड्यात खोबऱ्याची चटणी दोनदा करून वाटायला घेतली.